विशेषज्ञ शाखांचे नेतृत्व : मान, काम आणि जबाबदारी

कोणतीही स्मरणिका हाती आली की पहिल्या काही पानांवर पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे दिसतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, मानद सचिव, खजिनदार, शास्त्रीय समितीचे प्रमुख, निरनिराळ्या शाखांचे निमंत्रक अशी ती मालिका असते. वाचक ती पाने भरभर उलटतो. डॉक्टर मंडळी ओळखीचा चेहरा शोधतात, तर डॉक्टर नसलेल्या वाचकाला हा सारा डॉक्टरांचा आपापसातला मानपानाचा कारभार वाटतो. या पदांवरील माणसे नेमके काय करतात, त्यांनी ते केले नाही तर कोणाचे काय बिघडते, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात वैद्यकीय संघटनेतील विशेषज्ञ शाखा आणि त्यांचे नेतृत्व यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. कतारगामसारख्या भागात राहणाऱ्या आपणा सर्वांशी या विषयाचा संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे.

संघटनेच्या पोटात संघटना कशासाठी?

आपल्या देशात आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी एकत्र येण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८८३ साली बॉम्बे मेडिकल युनियनची स्थापना झाली. पुढे १९२८ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात अखिल भारतीय पातळीवरील संघटना उभी राहिली. आज तिला आपण इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजेच आयएमए, या नावाने ओळखतो. त्या पिढीतील डॉक्टरांनी संघटनेकडे केवळ व्यवसायाच्या हिताचे साधन म्हणून पाहिले नाही. मुंबईचे शल्यविशारद डॉ. जी. व्ही. देशमुख हे त्या काळच्या वैद्यकीय चळवळीतील एक अग्रणी. हिंदू स्त्रियांना मालमत्तेत हक्क देणारा १९३७ चा कायदा त्यांच्याच प्रयत्नांमुळे झाला आणि म्हणूनच तो ‘देशमुख कायदा’ या नावाने ओळखला गेला. डॉक्टरांचा पुढारी समाजाचाही पुढारी असू शकतो, याचे ते ठळक उदाहरण होय.

आयएमएचे सभासदत्व आधुनिक वैद्यकाच्या कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला मिळते. तिची रचना स्थानिक शाखा, राज्य शाखा आणि केंद्र अशी तीन पायऱ्यांची आहे. परंतु ज्ञान जसजसे वाढत गेले, तसतसे एकाच व्यासपीठावर सर्वांचे प्रश्न मावेनासे झाले. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या अडचणी नेत्रतज्ज्ञाला ठाऊक नसतात आणि बालरोगतज्ज्ञाचा लसीकरणाचा प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञाच्या कामाचा नसतो. या गरजेतून दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट संघटनेच्या आतली. आयएमएने सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांसाठी १९६३ साली कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स स्थापन केले. विशेषज्ञांसाठी पुढे अकॅडमी ऑफ मेडिकल स्पेशालिटीज अस्तित्वात आली. या शाखांना स्वतःचे पदाधिकारी असतात, मात्र त्या मूळ संघटनेच्या घटनेला बांधलेल्या असतात.

दुसरी वाट स्वतंत्र विशेषज्ञ संघटनांची. नेत्रतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९३० साली, शल्यविशारदांची १९३८ साली, काय-चिकित्सकांची म्हणजे फिजिशियन मंडळींची १९४४ साली, भूलतज्ज्ञांची १९४७ साली, तर स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र संस्थांचा महासंघ ‘फॉग्सी’ १९५० साली स्थापन झाला. बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स १९६३ साली आकाराला आली. यांपैकी फॉग्सी ही व्यक्तींची नव्हे तर गावोगावच्या संस्थांची संघटना आहे. स्थानिक संस्थेचा सभासद झालेला डॉक्टर तिच्यामार्फत महासंघाशी जोडला जातो. त्यामुळे गावातील संस्थेचा सचिव जागरूक असेल तर राष्ट्रीय पातळीवरचे नवे ज्ञान तेथील प्रसूतिगृहापर्यंत पोहोचते. तो उदासीन असेल तर ते टपालातच पडून राहते.

पदे आणि त्यांची कामे

अध्यक्ष हा शाखेचा चेहरा. सभा चालविणे, मतभेद असताना सर्वांना बोलू देऊन निर्णयाप्रत येणे, शासन, महानगरपालिका आणि वृत्तपत्रे यांच्यापुढे शाखेची भूमिका मांडणे ही त्याची कामे. अध्यक्षाने बोलताना आपले वैयक्तिक मत आणि शाखेचे ठरलेले मत यांतील भेद सांभाळावा लागतो. रोगाची साथ आली असता हा भेद किती मोलाचा ठरतो, ते पुढे पाहू.

मानद सचिव हा शाखेचा कणा होय. सभेची सूचना काढणे, इतिवृत्त लिहिणे, पत्रव्यवहार, सभासदांची यादी, निवडणुकीची सिद्धता ही सारी कामे त्याच्याकडे असतात. ‘मानद’ या शब्दाचा अर्थ बिनपगारी असा आहे. बिनकामाचा असा नव्हे. दवाखाना सांभाळून रात्री अकरा वाजता इतिवृत्त लिहिणारा सचिव ज्या शाखेला लाभतो, ती शाखा टिकते.

खजिनदाराचे काम रुक्ष वाटते. परंतु सर्वांत आधी विश्वास तुटतो तो येथेच. संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि सार्वजनिक न्यास कायदा, १९५० यांच्याखाली नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि पदाधिकारी बदलले की त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी लागते. अनेक संस्थांचे बँक खाते जुन्या सह्यांवर अडकून पडते, त्याचे कारण बहुधा हीच नोंद राहून गेलेली असते.

शास्त्रीय समितीचा प्रमुख व्याख्याने, चर्चासत्रे आणि अधिवेशनातील विषय ठरवितो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरने दर पाच वर्षांत तीस तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असे म्हटले आहे. हे शिक्षण बहुतांशी विशेषज्ञ शाखांच्या सभांमधूनच मिळते. व्याख्यात्याची निवड गुणांवर होते की ओळखीवर, विषय रुग्णांच्या गरजेचा असतो की प्रायोजकाच्या सोयीचा, हे ठरविणारा हा माणूस असतो. म्हणून हे पद अध्यक्षपदाहूनही अधिक विचारपूर्वक भरावयास हवे.

यांखेरीज नियतकालिकाचा संपादक, नीतिविषयक समिती, मार्गदर्शक तत्त्वे तयार करणाऱ्या समित्या आणि विषयवार उपशाखांचे प्रमुख असतात. बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीची लसीकरणविषयक समिती वेळोवेळी आपल्या शिफारसी प्रसिद्ध करते आणि देशभरातील खासगी बालरुग्णालयांतील तक्ते त्यांनुसार बदलतात. समितीतल्या मोजक्या माणसांचा निर्णय अशा रीतीने लक्षावधी मुलांच्या दंडापर्यंत जातो. मार्गदर्शक तत्त्वांना आता न्यायालयातही वजन आले आहे. १९९५ साली आयएमए विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. पुढे २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात, डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी त्या शाखेतील जाणकार डॉक्टरचे निःपक्ष मत घ्यावे, असे सांगितले. त्या शाखेत मान्य असलेली पद्धत कोणती, हा प्रश्न उपस्थित झाला की विशेषज्ञ संघटनेची प्रकाशने समोर ठेवली जातात. ती घाईने किंवा कोणाच्या दबावाखाली लिहिलेली असतील, तर त्यांचा फटका रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही बसतो.

एक वर्षाचा अध्यक्ष आणि सातत्याचा प्रश्न

बहुतेक संघटनांत अध्यक्षाची मुदत एक वर्षाची असते. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र ती अधिक असू शकते. जागतिक स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाचे अध्यक्षपद मुंबईचे डॉ. सी. एन. पुरंदरे यांनी २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षे भूषविले. एक वर्षाच्या मुदतीचा लाभ असा की अनेकांना संधी मिळते आणि कोणी खुर्चीला चिकटून राहत नाही. तोटा असा की पहिले तीन महिने सत्कारात जातात, शेवटचे तीन अधिवेशनाच्या तयारीत जातात आणि मध्ये उरलेल्या काळात मागील अध्यक्षाने सुरू केलेले काम नकळत बाजूला पडते.

यावर मोठ्या संघटनांनी नियोजित अध्यक्षाची पद्धत शोधून काढली. पुढील वर्षाचा अध्यक्ष आधीच निवडला जातो, तो वर्षभर कार्यकारिणीत बसून काम समजून घेतो आणि मावळते अध्यक्षही आणखी काही काळ सल्लागार म्हणून राहतात. गेलेला, असलेला आणि येणारा अशा तिघांची ही साखळी असते. लहान शाखांनीही ती अवश्य अंगीकारावी. तिला खर्च काहीच येत नाही. फक्त वर्षभर आधी माणूस निवडण्याची शिस्त लागते.

दोन संस्था, एक नाव

नेतृत्वाची खरी कसोटी पद मिळविण्यात नसून ते सोडण्यात असते, याचे एक उदाहरण बालरोगशास्त्राच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या. एकीचे केंद्र मुंबईत होते, तर दुसरीचे कलकत्त्यात. दोघींची स्वतंत्र नियतकालिके होती, स्वतंत्र पदाधिकारी होते. १९६३ साली या दोन्ही संघटना विलीन होऊन इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स निर्माण झाली आणि १९६४ पासून दोन नियतकालिकांच्या जागी ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ हे एकच नियतकालिक निघू लागले. दोन अध्यक्षांच्या जागी एक अध्यक्ष आणि दोन संपादकांच्या जागी एक संपादक आला. म्हणजेच काही मान्यवरांना आपली जागा सोडावी लागली. त्या एकजुटीचा लाभ पुढे दिसला. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा शासनाशी एका आवाजात बोलणारी बालरोगतज्ज्ञांची संघटना अस्तित्वात होती. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या यशाचे श्रेय असंख्य परिचारिका, स्वयंसेवक आणि शासकीय यंत्रणेला जाते. परंतु खासगी डॉक्टरांना त्या कार्यात सामील करून घेणारी संघटना उभी राहिली ती कोणी तरी खुर्ची सोडली म्हणून.

स्त्रियांच्या सहभागाचाही येथे उल्लेख करणे उचित ठरेल. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार सांभाळला आणि फॉग्सीच्या आरंभीच्या अध्यक्षांमध्ये त्यांची गणना होते. त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या मोठी आहे. तरीही स्थानिक शाखांच्या सभा रात्री उशिरा सुरू होतात, त्यामुळे अनेक महिला डॉक्टर सभासद असूनही कार्यकारिणीत येत नाहीत. सभेची वेळ बदलणे हेदेखील नेतृत्वाचेच काम आहे.

सुरतेचा अनुभव

आता आपल्या शहराकडे वळू. सुरत आणि साथीचे रोग यांचे नाते जुने आहे. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या डॉ. रखमाबाई १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी येथे सेवा केली. १८९६ नंतरच्या प्लेगच्या दिवसांत त्या कामावर होत्या. तेव्हा विशेषज्ञांच्या शाखा नव्हत्या, पाठीशी संघटना नव्हती. तरी मुंबईची ती मराठी स्त्री परक्या शहरात आपल्या जागी उभी राहिली.

जवळजवळ शंभर वर्षांनी प्लेग पुन्हा आला. ऑगस्ट १९९४ मध्ये महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. सुरुवातीच्या रुग्णांत आपल्या वेड रोड आणि कतारगाम परिसरातील मंडळी होती. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक आगगाड्या व बसमधून शहर सोडून गेले. त्यांत खानदेशात आपापल्या गावी परतणारी मराठी कुटुंबेही होती. सिव्हिल हॉस्पिटलमधील डॉक्टर आणि परिचारिका अहोरात्र राबल्या. त्याच वेळी शहरातील कित्येक खासगी दवाखाने बंद झाले, ही त्या काळी वृत्तपत्रांतून उघडपणे चर्चिली गेलेली गोष्ट आहे.

त्या घटनेकडे दोष देण्यासाठी नव्हे, तर रचना समजून घेण्यासाठी पाहिले पाहिजे. दवाखाना बंद करून जाणारा प्रत्येक डॉक्टर भित्रा नव्हता. बहुतेकांना कुटुंब होते आणि नेमके काय करावे हे सांगणारे कोणी नव्हते. हा प्लेग आहे की दुसराच काही रोग, याविषयी तज्ज्ञांत उघड वाद चालू होता. कोणते औषध किती दिवस द्यावे, रुग्णाला स्पर्श करणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, कोणत्या डॉक्टरने कोठे बसावे, वृत्तपत्रांशी कोणी बोलावे, यांची उत्तरे आधी ठरलेली नव्हती. काय-चिकित्सक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सामान्य व्यवसायी यांच्या शाखांनी एकत्र बसून दोन पानांची सूचना पहिल्याच दिवशी काढली असती, तर घाबरलेल्या डॉक्टरला निदान उभे राहण्यास जमीन मिळाली असती.

त्या आघातानंतर १९९५ पासून महानगरपालिकेने आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत स्वच्छतेची आणि रोगनिरीक्षणाची जी घडी बसविली, तिची वाखाणणी देशभर झाली. ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, तेव्हा ही घडी उपयोगी पडली. पुढे २०२० च्या जून-जुलैमध्ये हिऱ्यांच्या कारखान्यांतून कोविडचा प्रसार झाला आणि कतारगाम विभागात रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. या प्रत्येक प्रसंगी प्रश्न तोच होता : डॉक्टरांच्या वतीने कोण बोलणार, कोण कामाची वाटणी करणार आणि कोणाचा शब्द इतर डॉक्टर मानणार? साथ दारात आल्यावर नेता निवडता येत नाही. तो आधीपासून असावा लागतो आणि शांततेच्या काळात त्याने विश्वास कमावलेला असावा लागतो.

शील आणि पैसा

नेतृत्वाची दुसरी कसोटी पैशाची. अधिवेशने खर्चिक झाली आहेत आणि औषध कंपन्या खर्च उचलण्यास तयार असतात. वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये नियमांत दुरुस्ती करून डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च वा पाहुणचार घेऊ नये असे ठरविले. तेव्हा डॉक्टरांच्या संघटनाही त्या नियमाच्या कक्षेत होत्या. २०१६ च्या दुरुस्तीने संघटनांचा उल्लेख वगळण्यात आला. २०२४ साली केंद्र शासनाने औषध कंपन्यांसाठी विपणनाची आचारसंहिता प्रसिद्ध केली व त्यात वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमांना दिल्या जाणाऱ्या साहाय्याविषयीही नियम आहेत. अशा स्थितीत संघटनेने स्वतःवर कोणती बंधने घालून घ्यावी, हे तिच्या पदाधिकाऱ्यांच्या शीलावर अवलंबून राहते. कोणत्या कंपनीकडून किती रक्कम आली, हे वार्षिक सभेत वाचून दाखविण्याचा साधा प्रघातही पुष्कळ काही साधतो.

याहून कठीण प्रसंग येतो तो आपल्याच सभासदाची चूक उघड होते तेव्हा. गर्भलिंगनिदानाचा प्रश्न याच जातीचा आहे. महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली त्याविरुद्ध कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या गुजरातेत ८९० आणि महाराष्ट्रात ८९४ आढळली. यंत्र चालविणारा आणि गर्भपात करणारा हात डॉक्टरचाच असतो, हे कटू असले तरी सत्य आहे. कागदपत्रांतील किरकोळ त्रुटीसाठी प्रामाणिक डॉक्टर भरडला जात असेल, तर शाखेने त्याच्या पाठीशी उभे राहावे. परंतु जो जाणूनबुजून हा धंदा करतो, त्याला संघटनेचे छत्र मिळता कामा नये. या दोहोंतील फरक ओळखणे आणि तो जाहीरपणे सांगणे, यासाठीच त्या शाखेचा अध्यक्ष असतो.

आपल्या परिसरात

हे सर्व वाचून डॉक्टर नसलेला वाचक विचारील, यात माझे काय? कतारगाममध्ये हिरे घासणारे कारागीर आहेत, भरतकामाच्या यंत्रांवर बसणारे मजूर आहेत, दाटीच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे आहेत. नेत्रतज्ज्ञांच्या शाखेने मनावर घेतले तर कारागिरांच्या डोळ्यांची तपासणी कारखान्यातच होऊ शकते. क्षयरोग्याची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. ती नोंद झाली तरच रुग्णाला पोषणासाठी मिळणारे साहाय्य सुरू होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा एक हजार रुपये झाली आहे. सामान्य व्यवसायी आणि फुप्फुसरोगतज्ज्ञ यांच्या शाखांनी ही नोंद सोपी करून दिली, तर एखाद्या मजुराच्या घरी दूध आणि डाळ पोहोचते. खासगी प्रसूतिगृहांसाठी फॉग्सीच्या ‘मान्यता’ उपक्रमात सोळा निकष ठरविले आहेत. आपल्या सुनेची किंवा लेकीची प्रसूती जेथे व्हावयाची आहे, तेथे ते पाळले जातात का, असे विचारण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबाला आहे. असा प्रश्न विचारणारा समाज चांगल्या पदाधिकाऱ्याचे हात बळकट करतो.

तरुण डॉक्टरांना एवढेच सुचवावेसे वाटते की पदाची वाट पाहू नये. प्रथम एखाद्या समितीत साधे सभासद म्हणून काम करावे, इतिवृत्त लिहावे, खुर्च्या मांडाव्यात, एका शिबिराचा हिशेब चोख द्यावा. ज्येष्ठांनीही आपले ज्ञान आणि कागदपत्रे वेळेवर पुढच्या पिढीच्या हाती सोपवावीत. आपल्या मराठी डॉक्टरांचे मंडळ संख्येने लहान आहे. परंतु गुजराती, हिंदी, मराठी आणि अहिराणी बोलणाऱ्या रुग्णांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारे डॉक्टर आपल्यात आहेत, ही मोठी शक्ती होय. ती विशेषज्ञ शाखांच्या कामी यावी आणि या स्मरणिकेतील छायाचित्रांखालील प्रत्येक नावामागे वर्षअखेर एखादे पूर्ण झालेले काम दिसावे, हीच सदिच्छा.